वसंतारंभीची फुलपाखरे व पतंग : इंग्लंडच्या ग्रामीण भागातील ऋतुनोंदींचा एक परिचयात्मक अभ्यास

सारांश : वसंताच्या प्रारंभी दिसणारे पहिले फुलपाखरू हा इंग्लंडच्या ग्रामीण भागात अनेक पिढ्यांचा कुतूहलाचा विषय राहिला आहे. या कुतूहलातूनच तेथे ऋतुनोंदींची दीर्घ परंपरा निर्माण झाली आणि हवामानबदलाच्या अभ्यासास ती आज मोलाची साधनसामग्री पुरवीत आहे. प्रस्तुत लेखात तेथील वसंतारंभीच्या फुलपाखरांचा व पतंगांचा परिचय, त्यांच्या प्रकट होण्यामागील कारणे, नोंदी घेण्याच्या पद्धती आणि त्या नोंदींचा अर्थ लावताना घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे. शेवटी महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या अनुभवाचे मोल तपासले आहे.

बीजसंज्ञा : ऋतुजैविकी, सुप्तावस्था, फुलपाखरे, पतंग, पथनोंद, हवामानबदल.

१. प्रस्तावना

ऋतू बदलतो म्हणजे नेमके काय घडते, या प्रश्नाचे उत्तर पंचांग एक देते, तापमापक दुसरे देतो आणि सजीव सृष्टी तिसरेच देते. झाडाला पालवी केव्हा फुटली, बेडूक केव्हा ओरडू लागले, पक्ष्याने घरटे केव्हा बांधावयास घेतले, पहिले फुलपाखरू केव्हा दिसले, अशा घटनांच्या कालक्रमाचा अभ्यास करणाऱ्या शाखेस ऋतुजैविकी असे म्हणता येईल. ही शाखा जीवशास्त्र, भूगोल, हवामानशास्त्र व संख्याशास्त्र यांच्या सीमेवर उभी आहे. किंबहुना इतिहास व भाषा यांच्या अभ्यासकालाही तिच्यात काम आहे, कारण तिची बरीचशी सामग्री जुन्या दैनंदिन्या, पत्रे व खासगी टिपणे यांत विखुरलेली असते.

या अभ्यासासाठी इंग्लंडचे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, तेथे हिवाळा व वसंत यांच्यातील सीमारेषा कीटकांच्या बाबतीत अत्यंत स्पष्ट असते. डिसेंबर व जानेवारीत तेथील शेतबांध, कुंपणे व वनराई फुलपाखरांवाचून जवळजवळ रिकामी असतात. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये एखादा उबदार, निरभ्र दिवस उजाडतो आणि कुंपणाच्या कडेने एक पिवळे फुलपाखरू उडत जाते. ही घटना क्षणभराची असते, परंतु ती कोणी टिपून ठेवली, दरवर्षी टिपली आणि शंभर वर्षे टिपली, तर तिचे रूपांतर पुराव्यात होते.

२. लेखाची उद्दिष्टे

(अ) वसंतारंभी दिसणाऱ्या प्रमुख फुलपाखरांचा व पतंगांचा परिचय करून देणे.
(आ) त्यांच्या प्रकट होण्याचा काळ कशावर अवलंबून असतो, हे स्पष्ट करणे.
(इ) ऋतुनोंदींच्या पद्धती व त्यांतील दोषस्थळे यांची चर्चा करणे.
(ई) महाराष्ट्रातील महाविद्यालयीन पातळीवर अशा नोंदींची शक्यता तपासणे.

लेखाचे स्वरूप परिचयात्मक असून ते प्रकाशित अभ्यासांवर आधारलेले आहे. इंग्रजी प्रजातिनामांना मराठीत रूढ पर्याय नसल्याने ती नावे देवनागरीत तशीच योजिली आहेत.

३. वसंतारंभीची फुलपाखरे

ब्रिटनमध्ये नियमित स्थलांतर करून येणाऱ्यांसह फुलपाखरांच्या सुमारे ५९ प्रजाती आढळतात. संख्येच्या दृष्टीने हा देश गरीबच म्हणावा लागेल, परंतु याच मर्यादेमुळे तेथील सामान्य निरीक्षकालाही सर्व प्रजाती ओळखता येतात, ही जमेची बाजू होय. प्रत्येक प्रजातीची हिवाळा ओलांडण्याची रीत ठरलेली असते. काही अंड्यांच्या, बऱ्याचशा अळीच्या, काही कोषाच्या, तर मोजक्या प्रजाती प्रौढ फुलपाखराच्या अवस्थेत हिवाळा काढतात. वसंतात कोण आधी दिसणार, हे मुख्यतः या रीतीवरून ठरते.

प्रौढावस्थेत हिवाळा काढणाऱ्यांमध्ये ब्रिमस्टोन, पीकॉक, स्मॉल टॉर्टॉइजशेल व कॉमा या चार प्रजाती पूर्वापार प्रसिद्ध आहेत. रेड ॲडमिरल हे फुलपाखरू पूर्वी केवळ दक्षिणेकडून येणारा उन्हाळी पाहुणा मानले जाई. अलीकडील दशकांत मात्र इंग्लंडच्या दक्षिण भागात ते हिवाळ्यातही तग धरू लागले आहे. या प्रजातींना वसंतात नव्याने जन्म घ्यावयाचा नसतो. त्यांना केवळ जागे व्हावयाचे असते. म्हणूनच मार्चमधील पहिले फुलपाखरू हे वसंताचे अपत्य नसून गेल्या उन्हाळ्याचे असते, ही गोष्ट प्रथमच वाचणाऱ्यास आश्चर्यकारक वाटेल.

ब्रिमस्टोनचे जीवनचक्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याची नवी पिढी जुलै-ऑगस्टमध्ये कोषातून बाहेर पडते, शरद ऋतूपर्यंत फुलांतील मध पिते आणि नंतर आयव्ही, हॉली अथवा काटेरी ब्रॅम्बलच्या सदाहरित पानांत दडून बसते. पंख मिटल्यावर त्यांचा आकार, रंग व शिरा हुबेहूब पानासारख्या दिसतात. वसंतात जागे झाल्यावर मीलन होते व मादी बकथॉर्न किंवा ऑल्डर बकथॉर्न या झुडपांवरच अंडी घालते. अशा रीतीने एकेक प्रौढ जवळजवळ वर्षभर जगते. नर गंधकासारखा पिवळाजर्द, तर मादी फिकट हिरवट-पांढरी असते. दुरून पाहणारा तिला सहज दुसरेच पांढरे फुलपाखरू समजतो. त्यामुळे पहिल्या दर्शनाच्या नोंदींत नरांचे प्रमाण अधिक असण्याची शक्यता लक्षात ठेवावी लागते.

पीकॉकच्या पंखांवर मोराच्या पिसाऱ्यातील डोळ्यांसारखे ठिपके असतात. पोकळ झाडे, गोठे, लाकडे साठविण्याच्या खोल्या येथे ते हिवाळा काढते. कोणी त्रास दिल्यास पंख एकमेकांवर घासून ते फूत्कारासारखा आवाज करते. पीकॉक व स्मॉल टॉर्टॉइजशेल या दोहोंच्या अळ्या नेटल या अंगाला आग लावणाऱ्या वनस्पतीवर वाढतात. म्हणजेच शेतकरी ज्या वनस्पतीस उपद्रवी तण मानून उपटून टाकतो, तीच या देखण्या फुलपाखरांचा पाळणा असते. कॉमाच्या पंखांच्या खालच्या बाजूस स्वल्पविरामासारखी पांढरी खूण असते व त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे.

एप्रिलमध्ये दुसरा गट अवतरतो. हा कोषावस्थेत हिवाळा काढणाऱ्यांचा गट होय. ऑरेंज टिप, हॉली ब्लू व ग्रीन हेअरस्ट्रीक ही त्यांतील प्रमुख नावे. ऑरेंज टिपच्या केवळ नराच्या पंखांची टोके नारिंगी असतात. मादी ओलसर कुरणातील ककूफ्लॉवर किंवा कुंपणाकडेच्या गार्लिक मस्टर्ड या मोहरीच्या कुळातील वनस्पतींवर बहुधा एका फुलोऱ्यावर एकच अंडे घालते. याचे कारण असे की, या अळ्या एकमेकींनाही खातात. स्पेकल्ड वुड या फुलपाखराची रीत आणखी वेगळी आहे. ते अळी व कोष अशा दोन्ही अवस्थांत हिवाळा काढू शकते. त्यामुळे वसंतातील त्याचे दर्शन एका ठरावीक आठवड्यापुरते मर्यादित न राहता दीर्घकाळ चालू राहते.

४. रात्रीचा वसंत : पतंग

फुलपाखरांच्या तुलनेत पतंगांकडे सामान्य माणसाचे लक्ष क्वचित जाते. वस्तुतः ब्रिटनमध्ये पतंगांच्या सुमारे २,५०० प्रजाती आहेत. म्हणजे दिवसा दिसणाऱ्या वसंतापेक्षा रात्रीचा वसंत कितीतरी अधिक गजबजलेला असतो.

मार्च-एप्रिलच्या रात्री कॉमन क्वेकर, स्मॉल क्वेकर, क्लाउडेड ड्रॅब व हिब्रू कॅरॅक्टर हे पतंग मोठ्या संख्येने उडतात. शेवटच्या पतंगाच्या पंखावरील काळी खूण हिब्रू लिपीतील 'नून' या अक्षरासारखी असते. या काळात फुले थोडी असतात. अशा वेळी आपल्याकडील वाळुंजाच्या प्रजातीतील सॅलो हे झाड त्यांच्या उपयोगी पडते. त्याच्या लोंबत्या फुलोऱ्यांवर रात्री कंदील घेऊन पतंग शोधण्याची पद्धत तेथील हौशी निरीक्षकांत जुनी आहे. मार्च मॉथ, पेल ब्रिंडल्ड ब्यूटी यांसारख्या काही पतंगांच्या माद्यांना उडण्याजोगे पंखच नसतात. त्या झाडाच्या बुंध्यावर चढून नराची वाट पाहतात. थंडीच्या दिवसांत उडण्यावर शक्ती खर्च न करता ती अंड्यांसाठी राखून ठेवण्याची ही योजना असावी, असे मानले जाते.

सर्वच पतंग निशाचर नसतात. ऑरेंज अंडरविंग हा पतंग मार्चच्या उन्हात बर्चच्या, म्हणजे आपल्या भूर्जाच्याच प्रजातीतील झाडांच्या, शेंड्याभोवती उडतो. एम्परर मॉथचा नर एप्रिलमध्ये भर दिवसा माळरानावर मादीच्या गंधाचा माग काढीत फिरतो. हा पतंग ज्या कुळातील आहे, त्याच कुळात आपला टसर रेशमाचा पतंगही येतो. भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर ज्याच्या अळ्या पाळल्या जातात, त्याचा एक लांबचा भाऊबंद इंग्लंडच्या माळावर वसंताची वर्दी देतो, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. ब्रिटनमध्ये या कुळाची ही एकमेव स्थानिक प्रजाती होय.

५. जागे होण्यामागील यंत्रणा

हिवाळ्यातील कीटक थंडीने केवळ गारठलेला असतो, अशी समजूत बरोबर नाही. त्याची वाढ व चयापचय अंतर्गत नियंत्रणाखाली मंदावलेले असतात. यालाच सुप्तावस्था म्हणतात. दिवस लहान होऊ लागले, ही शरद ऋतूतील खूण बहुतेक प्रजातींत या अवस्थेची सुरुवात करून देते. म्हणजे थंडी पडण्याआधीच कीटक थंडीची तयारी करतो.

सुप्तावस्था संपण्यास अनेक प्रजातींत काही आठवड्यांची थंडी आवश्यक असते. ती पुरेशी मिळाल्यावर शरीर उष्णतेस प्रतिसाद देण्याजोगे होते. पुढे एका किमान मर्यादेच्या वर जितकी उष्णता दररोज मिळेल, तितकी ती जणू खात्यात जमा होत जाते व ठरावीक बेरीज पूर्ण झाली की कोषातून फुलपाखरू बाहेर पडते. म्हणूनच उबदार मार्च असलेल्या वर्षी ऑरेंज टिप लवकर व थंड मार्च असलेल्या वर्षी उशिरा दिसते. येथे एक गुंतागुंत लक्षात घ्यावयास हवी. हिवाळाच उबदार झाला, तर थंडीची गरज उशिरा पूर्ण होऊ शकते. त्यामुळे 'तापमान वाढले म्हणजे सर्व काही लवकर घडणार', हे सूत्र सर्व प्रजातींना सरसकट लागू पडत नाही.

जागे झाल्यावरही उडण्यासाठी शरीर तापावे लागते. फुलपाखरू पंख पसरून ऊन घेते आणि वक्षभागातील स्नायू पुरेसे उबदार झाल्यावरच झेपावते. रात्री उडणाऱ्या पतंगांना ऊन मिळत नाही. त्यांपैकी अनेक जण उड्डाणाच्या स्नायूंना कंप देऊन आतूनच उष्णता निर्माण करतात. वक्षावरील दाट लोकर ती उष्णता टिकवून धरते.

यावरून एक व्यावहारिक बाब स्पष्ट होते. जानेवारीत घरातील शेगडीच्या उबेने जागे झालेले स्मॉल टॉर्टॉइजशेल खिडकीच्या काचेवर फडफडू लागते. ते वसंताचे चिन्ह नव्हे. त्याची साठविलेली चरबी अकाली खर्च होत असते. अशा वेळी त्याला हलकेच एखाद्या थंड, कोरड्या खोलीत ठेवावे, असा सल्ला तेथील फुलपाखरू संवर्धक देतात.

६. नोंदींची परंपरा

इंग्लंडमधील पद्धतशीर ऋतुनोंदींचा आरंभ नॉरफोक परगण्यातील स्ट्रॅटन स्ट्रॉलेस येथील जमीनदार रॉबर्ट मार्शम यांच्यापासून मानला जातो. त्यांनी १७३६ मध्ये नोंदी घेण्यास प्रारंभ केला आणि १७८९ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. वसंताच्या त्यांच्या २७ खुणांमध्ये पिवळे फुलपाखरू दिसणे ही एक खूण होती. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या वंशजांनी हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. एका कुटुंबाने दोन शतकांहून अधिक काळ जपलेली ही नोंदवही जगातील दुर्मीळ साधनांपैकी एक आहे. जमिनीवरील झाडांची लागवड केव्हा करावी, यांसारख्या प्रश्नांत रस असलेल्या मार्शम यांना आपल्या तारखा पुढे हवामानबदलाच्या चर्चेत वापरल्या जातील, याची कल्पना असणे शक्य नव्हते.

विसाव्या शतकात या कामाला संस्थात्मक रूप आले. हार्टफर्डशायरमधील रॉदमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९३३ मध्ये पतंगांसाठी प्रकाशसापळ्याचा वापर सुरू झाला व १९६८ पासून देशभर अशा सापळ्यांचे जाळे उभे राहिले. फुलपाखरांच्या बाबतीत अर्नेस्ट पोलार्ड यांनी केंब्रिजशायरमधील मंक्स वुड येथे १९७३ पासून पथनोंदीची पद्धत अजमावली व १९७६ मध्ये राष्ट्रीय योजना सुरू झाली.

ही पद्धत अत्यंत साधी आहे. निरीक्षक एक मार्ग कायमचा ठरवितो. एप्रिलच्या प्रारंभापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत २६ आठवडे, दर आठवड्यास एकदा, तो त्या मार्गाने सारख्या गतीने चालतो. आपल्या पुढील व दोन्ही बाजूंच्या मिळून पाच मीटर रुंद कल्पित चौकटीत जी फुलपाखरे दिसतील, तेवढीच तो मोजतो. वेळ सकाळी पावणेअकरा ते दुपारी पावणेचार. तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली असल्यास फेरी घ्यावयाची नाही, आणि १३ ते १७ अंशांच्या दरम्यान असल्यास पुरेसे ऊन असावे, असा दंडक आहे. या नियमांमुळे दोन वर्षांची, दोन ठिकाणांची व दोन निरीक्षकांची तुलना शक्य होते. महागडे उपकरण नाही, प्रयोगशाळा नाही. लागते ते केवळ सातत्य.

या सातत्याचे फलित गंभीर आहे. रॉदमस्टेडच्या जाळ्यातील आकडेवारीनुसार १९६८ ते २०१७ या काळात मोठ्या पतंगांच्या एकूण संख्येत ३३ टक्के घट झाली. फुलपाखरांविषयीच्या २०२२ मधील राष्ट्रीय अहवालानुसार १९७६ पासून ८० टक्के प्रजातींची संख्या किंवा आढळक्षेत्र किंवा दोन्ही घटली आहेत. नोंदी नसत्या, तर ही घट कोणाच्या ध्यानातही आली नसती, कारण प्रत्येक पिढी आपल्या बालपणी जे पाहते, तेच पूर्वापार होते असे समजते.

७. 'पहिले दर्शन' : अर्थ व अनर्थ

पहिल्या दर्शनाची तारीख आकर्षक असते, परंतु ती फसवीही असते. तिचा अर्थ लावताना पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली बाब निरीक्षकांच्या संख्येची. समजा, एखाद्या गावात एकच निरीक्षक केवळ रविवारी फिरतो. फुलपाखरू मंगळवारी बाहेर पडले, तर त्याच्या वहीत ते पाच दिवसांनी उमटेल. पुढे त्याच गावात दहा जण रोज फिरू लागले, तर तारीख आपोआप अलीकडे सरकेल. वसंत मात्र जागचा हललेला नसेल.

दुसरी बाब प्रजातीच्या संख्येची. हजार फुलपाखरांतील सर्वांत घाईचे फुलपाखरू हे दहांतील सर्वांत घाईच्या फुलपाखरापेक्षा बहुधा आधी दिसते. म्हणून एखादी प्रजाती विरळ होत गेली, तर तिचे पहिले दर्शन लांबल्यासारखे वाटते. याच कारणाने अभ्यासक पहिल्या तारखेपेक्षा संपूर्ण उड्डाणकाळाच्या सरासरी तारखेवर अधिक विश्वास ठेवतात, आणि ती काढण्यास आठवड्याची नियमित मोजणी लागते.

तिसरी बाब कालगणनेची. ब्रिटनने १७५२ मध्ये ग्रेगरियन कालगणना स्वीकारली, तेव्हा ११ दिवस गाळले गेले. त्यामुळे मार्शम यांच्या आरंभीच्या नोंदी नव्या तारखांशी जुळवून घेतल्याविना वापरता येत नाहीत.

चौथी बाब 'काहीच दिसले नाही' या नोंदीची. या बाबतीत प्रस्तुत लेखकास स्वतःची चूक सांगणे आवश्यक वाटते. एम.फिल.च्या क्षेत्रकार्याच्या वेळी वनस्पती-आच्छादनाच्या नोंदींबरोबर फुलपाखरांचीही टिपणे ठेवली होती. काही वर्षांनी ती उघडली असता असे आढळले की, ज्या दिवशी फुलपाखरे दिसली, तेवढेच दिवस लिहिले होते. ज्या दिवशी एकही दिसले नाही, त्या दिवशी वही कोरी होती. आता त्या कोऱ्या पानांचा अर्थ 'गेलो, पण दिसले नाही' असा की 'गेलोच नाही' असा, हे सांगता येत नाही. दोन वर्षांची पायपीट त्यामुळे अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरली. पथनोंदीत शून्य हाही आकडा असतो, हे तेव्हा कोणी सांगितले असते, तर बरे झाले असते. हा लेख लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

या मर्यादा सांभाळून केलेले अभ्यास मात्र विश्वासार्ह ठरतात. रॉय व स्पार्क्स यांनी २००० मध्ये पथनोंदींच्या आधारे असे दाखविले की, तापमानात एक अंश सेल्सिअसची वाढ झाल्यास ब्रिटनमधील बहुतेक फुलपाखरांचे प्रथम दर्शन व सर्वाधिक संख्येचा काळ २ ते १० दिवसांनी अलीकडे येऊ शकतो.

८. काळाची जुळणी

फुलपाखरू चार दिवस आधी दिसले, तर बिघडले कोठे, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर विंटर मॉथ या पतंगाच्या उदाहरणातून मिळते.

हा पतंग ऐन हिवाळ्यात उडतो. पंखहीन मादी ओकसारख्या झाडावर चढून अंडी घालते व ती वसंतात उबतात. अळी ओकच्या कळ्या फुटण्यापूर्वी बाहेर आली, तर उपाशी मरते. फार उशिरा आली, तर पाने जून व टॅनिनयुक्त झालेली असतात आणि तिची वाढ खुंटते. म्हणजे तिला मिळणारी संधी मोजक्या दिवसांची असते. पुढे ग्रेट टिट हा लहान पक्षी आपल्या पिलांना मुख्यतः याच अळ्या भरवितो. म्हणून पिलांची भूक व अळ्यांचा सुकाळ एकाच वेळी यावा लागतो. झाड, अळी व पक्षी अशी ही तिपेडी वीण आहे.

या तिघांची घड्याळे एकाच किल्लीवर चालत नाहीत. फिसर व हॉलेमन यांनी २००१ मध्ये नेदरलँड्समधील अभ्यासातून दाखविले की, उबदार वसंतांमुळे अळ्यांचा जन्म ओकच्या पालवीच्या तुलनेत फार लवकर होऊ लागला होता. त्यानंतरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे आढळले की, नैसर्गिक निवडीमुळे अंडी उबण्याचा काळ पुन्हा पालवीच्या जवळ सरकला आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डनजीकच्या वायथम वनातील ग्रेट टिट पक्ष्यांनीही सुमारे पाच दशकांत अंडी घालण्याचा काळ सुमारे १४ दिवसांनी अलीकडे आणून अळ्यांशी मेळ राखला, असे २००८ मध्ये दाखविण्यात आले.

यावरून सरसकट निराशा किंवा सरसकट निश्चिंती, दोन्ही अनाठायी ठरतात. काही प्रजाती जुळवून घेतात, काहींना ते जमत नाही. कोणास जमले व कोणास नाही, हे केवळ दीर्घ नोंदीच सांगू शकतात.

९. महाराष्ट्राच्या संदर्भात

इंग्लंडचे निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाहीत, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. तेथील कीटकांचा अडसर थंडी हा आहे, आपल्याकडे तो कोरडेपणा आहे. आपली फुलपाखरे वर्षभर दिसतात व पावसाळ्यात आणि त्यानंतर त्यांची रेलचेल असते. फाल्गुन-चैत्रात पानगळ झालेल्या रानात पळस, पांगारा व काटेसावर फुललेली असतात. कोसिंबाला तांबडी आणि करंजाला कोवळी पालवी पावसाच्या कितीतरी आधी फुटते. ही पालवी हा आपल्या वसंताचा खरा आरंभ मानता येईल आणि पालवीबरोबर अळ्यांचेही दिवस येतात.

आपल्या काही फुलपाखरांत ऋतूंची खूण अंगावरच उमटते. कॉमन ईव्हनिंग ब्राउन हे सांजवेळी उडणारे फुलपाखरू पावसाळी पिढीत पंखांखाली ठळक डोळे मिरविते, तर कोरड्या ऋतूतील पिढी हुबेहूब वाळक्या पानासारखी असते. ही दोन रूपे कोणत्या आठवड्यात बदलतात, याची नोंद पहिल्या दर्शनाइतकीच मोलाची ठरेल. पेंटेड लेडी हे फुलपाखरू तर इंग्लंड व महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी आढळते.

ऋतूंच्या सूक्ष्म निरीक्षणाची परंपरा मराठीस अपरिचित नाही. दुर्गाबाई भागवत यांचे 'ऋतुचक्र' हे त्याचे सर्वमान्य उदाहरण होय. उणीव आहे ती तारीखवार, वर्षानुवर्षांच्या नोंदींची. शिवाय आपल्याकडील जुनी टिपणे 'होळीच्या सुमारास', 'पाडव्याच्या आधी' अशा शब्दांत असतात. अधिक मासामुळे होळी एखाद्या वर्षी मार्चच्या प्रारंभी, तर एखाद्या वर्षी मार्चच्या अखेरीस येते. म्हणून वर्ष दिलेले नसेल, तर अशी नोंद जवळजवळ एक महिन्याने चुकू शकते. मार्शम यांच्या ११ दिवसांपेक्षा ही अडचण मोठी आहे, मात्र वर्ष नोंदविलेले असल्यास पंचांगाच्या साहाय्याने ती दूर करता येते.

२०१५ मध्ये ब्लू मॉर्मन या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा दर्जा देऊन महाराष्ट्राने देशात पहिले पाऊल टाकले. त्यास नोंदींची जोड मिळणे आवश्यक आहे. महाविद्यालयाकडे परिसर असतो, दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यासाचे प्रकल्पकार्य असते. अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, मार्च-एप्रिल हा विद्यापीठीय परीक्षांचा काळ असल्याने वसंताचेच आठवडे रिकामे राहतात. यावर उपाय म्हणजे ही फेरी विद्यार्थ्यांवर न सोपविता प्राध्यापकांनी व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आळीपाळीने घेणे. दुसरी अशी की, प्रकल्पवह्या गुणदानानंतर रद्दीत जातात. यासाठी वही विभागात न ठेवता ग्रंथालयात दाखल क्रमांक देऊन ठेवावी. बदली, निवृत्ती किंवा विभागाचे स्थलांतर यांनी ग्रंथालयातील वही सहसा हरवत नाही.

१०. निष्कर्ष

(१) वसंतारंभी कोणती प्रजाती आधी दिसणार, हे मुख्यतः तिच्या हिवाळा ओलांडण्याच्या अवस्थेवर अवलंबून असते.
(२) तापमानाचा प्रभाव निर्विवाद असला तरी थंडीची गरज व दिवसाची लांबी यांमुळे तो सरळ रेषेत नसतो.
(३) पहिल्या दर्शनापेक्षा नियमित मोजणीवरून काढलेली सरासरी तारीख अधिक विश्वासार्ह होय.
(४) शून्य नोंद ही तितकीच महत्त्वाची नोंद आहे.
(५) ऋतुबदलाचा खरा धोका तारीख बदलण्यात नसून परस्परावलंबी सजीवांची वेळ एकमेकांपासून सुटण्यात आहे.
(६) महाराष्ट्रात थंडीऐवजी पालवी व पाऊस यांना मध्यवर्ती मानून स्वतंत्र नोंदपद्धती आखावी लागेल.

समारोप

मार्शम यांनी पिवळ्या फुलपाखराची तारीख लिहिली, तेव्हा त्यांच्याजवळ वही, लेखणी व रोज फिरण्याची सवय एवढेच भांडवल होते. ते भांडवल आज आपल्या प्रत्येक महाविद्यालयाजवळ आहे. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक विचारील की, या परिसरात एकविसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करंजाला पालवी केव्हा फुटे व तिच्यावर कोणते फुलपाखरू केव्हा येई. त्या वेळी त्याच्या हाती कोरी पाने पडावीत की तारखा, हे ठरविण्याची संधी आज आपल्या हाती आहे. येत्या फाल्गुनात महाविद्यालयाच्या आवारातील एक पाऊलवाट निवडून प्रारंभ करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.